सत्तावीस चिमटे

सासूबाई गेल्या तेव्हा पंचक चालू होतं. ते आम्हाला फोनवर कळलं. सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळी नऊपासूनच गावाकडची माणसं यायला लागली होती. थोरल्या दिरांनी गुरुजींना वेळ कळवायला फोन लावला, थोडा वेळ नुसतं "हो, हो" म्हणाले, आणि फोन कानाला तसाच धरून आमच्याकडे वळले.

"पंचक लागलंय म्हणत्यात."

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. बाहेर जिन्यात बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या.

मला तेव्हा पंचकाबद्दल इतकंच माहीत होतं. महिन्यात पाच दिवस असे येतात की त्या दिवसांत घरातलं कोणी गेलं, तर ते एकटं जात नाही, मागून घरातल्या पाच जणांना ओढून नेतं. त्याला उपाय म्हणून कणकेच्या पाच पुतळ्या करायच्या, मयताच्या अंगावर ठेवायच्या आणि बरोबरच जाळायच्या. पाच माणसांच्या जागी पाच पुतळ्या जातात आणि घर सुटतं.

गुरुजी दुसरीकडे अडकले होते. त्यांनी फोनवरच सांगितलं, पुतळ्या घरातल्या बाईने कराव्यात, कणकेत मीठ घालू नये, आणि पांढऱ्या फडक्यात बांधून छातीवर ठेवल्या तरी चालेल. घरातली बाई म्हणजे मीच. जाऊबाई गावाला राहायच्या, माझ्या घरात पिठाचा डबा कुठे आहे तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

मी पुतळ्या केल्या. डोकं, दोन हात, दोन पाय. पाचही ताटलीत ओळीने निजवल्या आणि फडकं शोधायला पेटीकडे वळले. तेवढ्यात बाहेरून दीर ओरडले, "आटपा, आभाळ भरून आलंय, लाकडं भिजतील." मी फडकं अंथरलं, ताटली त्यावर पालथी केली आणि चार टोकांना गाठी मारल्या. मोजलं नाही. पाच केल्या होत्या, त्या पाचच असणार. गाठोडं जाऊबाईंच्या हातात दिलं, त्यांनी दिरांच्या हातात दिलं.

माणसं निघून गेल्यावर आम्ही घर धुवायला घेतलं. तेव्हा लक्षात आलं की मुलगी दिसत नाही. ती दुसरीत होती. जिन्याच्या वळणावर पाण्याचा पिंप असायचा, त्याच्या मागे ती बसलेली सापडली. मांडीवर रुमाल होता आणि रुमालात गुंडाळलेली एक पुतळी.

रोज पोळ्या करताना मी तिला कणकेची एक चिमणी करून द्यायचे. तासभर ती चिमणीशी खेळायची आणि मग मी ओरडेपर्यंत कच्चीच खाऊन टाकायची. त्या दिवशी मी कणकेचं काहीतरी करते आहे हे तिने पाहिलं आणि रोजच्यासारखं आपलं उचललं. ते आपलं नाही असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. पुतळीचा एक हात नव्हता. मुलीच्या ओठाला ओलं पीठ लागलं होतं.

मी तिला मारलं. त्याआधी कधी मारलं नव्हतं. म्हटलं, "कोणाला सांगायचं नाही. पप्पांना पण नाही."

ती रडली नाही. तिने विचारलं, "आज्जीला कमी पडली का?"

"गप्प बस," मी म्हटलं.

तेव्हा अजून वेळ होता. फोन करता आला असता. पण फोन केला असता तर मुलीच्या पप्पांनी तो दिरांना दिला असता, दिरांनी चार लोकांत मोठ्याने विचारलं असतं, आणि जिन्यातल्या सगळ्या बायकांसमोर मला ते पुन्हा सांगावं लागलं असतं. चारचौघांत मला पाणी मागायचं म्हटलं तरी घसा सुकतो. मी ती पुतळी पदरात घेतली आणि नासर्डीच्या पुलावरून खाली टाकली. पाणी कमी होतं. ती बुडाली नाही, प्लास्टिकच्या पिशव्यांत अडकून राहिली. मी तशीच परत आले.

म्हणजे चार जळाल्या. एक जागा रिकामी राहिली. तिथे कोण जाणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. जिने हात खाल्ला तीच.

पुढचे दहा महिने मी मुलीला डोळ्यांआड होऊ दिलं नाही. एक शिंक आली की दवाखाना. शाळेची सहल पांडवलेण्याला चालली होती, मी पाठवलं नाही. गच्चीवर जाऊ दिलं नाही, पतंग उडवू दिला नाही, मैत्रिणीच्या वाढदिवसाला स्वतः जाऊन दारात उभी राहिले. तिचे पप्पा सातपूरलाच एका कारखान्यात लेथवर होते. ते हसायचे. म्हणायचे, "एक काम कर, तिला फ्रिजमध्येच ठेवून दे. ताजी राहील." मग मुलीला विचारायचे, "काय गं, आत थंडी वाजेल का?" ती हसायची नाही. माझ्याकडे बघायची. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये रोजचं नक्षत्र बारीक अक्षरात छापलेलं असतं. एका शेजारणीने मला दाखवून दिलं की धनिष्ठा अर्धी झाली की पंचक लागतं, मग शततारका, दोन भाद्रपदा, आणि रेवती संपली की सुटतं. मी पेन्सिलीने त्या दिवसांवर ठिपके द्यायला लागले. ठिपके संपले की मला जेवण जायचं.

दहाव्या महिन्यात मुलीचे पप्पा गेले. दुसऱ्या पाळीला गेले होते. मशीनवर उभे असताना खाली बसले. बरोबरच्यांनी रिक्षात घातलं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हार्टचं होतं. वय छत्तीस.

त्या दिवशी पंचक नव्हतं, म्हणून कोणी पुतळ्या करायला सांगितल्या नाहीत. पण दहाव्याला नदीवरून परत आल्यावर थोरले दीर माझ्यासमोर खाली बसले. रागाने नाही, हळूच विचारलं, "म्हातारीच्या वेळेला पुतळ्या पाच बांधल्या होत्या ना गं तू?"

मुलगी माझ्या शेजारी बसली होती. माझ्या लुगड्याचं टोक तिच्या मुठीत होतं.

"पाचच," मी म्हटलं.

"मोजल्या होत्या?"

"हो."

"मग कसं काय झालं हे," ते म्हणाले आणि उठले.

त्यानंतर मला कशाचीही भीती राहिली नाही, कारण रिकामी जागा भरली होती. एकच राहिलं. हे मुलीला कधी कळता कामा नये. तिने खेळायला म्हणून उचललेली पुतळी आणि तिचा बाप, या दोन गोष्टी तिच्या मनात कधी जवळ येता कामा नयेत. ती लहान होती, विसरून जाईल असं मी धरलं. तिच्यासमोर मी पंचक हा शब्द काढला नाही. पोळ्या करताना चिमणी करणं बंद केलं. तिनेही कधी मागितली नाही. मला वाटलं, विसरली.

मी कामाला लागले. एका छोट्या वर्कशॉपमध्ये रबरी वायसर येतात, त्यांच्या कडेला राहिलेलं जास्तीचं रबर कापायचं. आम्ही सहा बायका आहोत. खाली मान घालून करायचं काम आहे, बोलावं लागत नाही, म्हणून मला बरं पडलं. कॅलेंडरवर ठिपके द्यायची सवय मात्र सुटली नाही. कशासाठी ते सांगता येणार नाही. जुनी कॅलेंडरं मी भांड्यांच्या फळ्यांवर अंथरायचे.

मुलगी नववीत गेली. त्या वर्षी ती संध्याकाळी गच्चीवर जायला लागली. मी कामावरून येऊन चहा ठेवायचे आणि हाक मारायला वर जायचे, तर ती हात सरळ समोर धरून, मूठ वळून, एक डोळा मिटून उभी.

"हे काय?"

"चंद्र मोजते. काल त्या ताऱ्याजवळ होता ना, आज एक मूठ आणि वर थोडा सरकला."

"कुठे सरकला?"

"पूर्वेकडे. रोज एवढाच सरकतो."

मी लहानपणापासून चंद्र पश्चिमेकडे जाताना पाहिलेला. पूर्वेकडे सरकतो म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण मी विचारलं नाही. मनात बरं वाटलं. पोरीला अभ्यासाची गोडी लागली आहे. मी चौथी शिकले, ते सुद्धा आमच्या गावात शाळा तेवढीच होती म्हणून. पाचवीला दिंडोरीला जावं लागायचं आणि घरच्यांना द्राक्षाच्या छाटणीला हात हवे होते. मुलगी आभाळ मोजते हे मी कामावर एका बाईला सांगितलं सुद्धा. मी आपणहून काही सांगितलं म्हणून ती माझ्याकडे बघतच राहिली.

मग एक दिवस खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला जिन्यात अडवलं.

"तुझी पोरगी काय करती गं हल्ली?"

"काय झालं?"

"आमच्या सासऱ्याच्या फोटोसमोर वही घेऊन उभी. मी म्हटलं, काय गं बाई, गणपतीची वर्गणी मागायला आलीस का त्यांच्याकडं? तर म्हणे, तारीख लिहून घेतेय. फोटोखाली असती ना, गेल्याची. शेजारच्यांकडं पण गेली होती म्हणं. त्यांची तर म्हातारी अजून चालती-बोलती हाय, ती घाबरून आत जाऊन बसली. म्हणती, मला बघून गेली ती."

त्या हसत होत्या, पण खरं हसणं नव्हतं. "शिकलेल्या पोरी हायेत, आपल्याला काय कळतंय. पण असलं बरं नाय दिसत. बिनबापाची पोर, लोक बोलत्यात."

मी मान हलवली आणि वर आले.  मुलगी जमिनीवर बसून लिहीत होती. फळ्यांवरची सगळी जुनी कॅलेंडरं काढून तिने पसरली होती, भांडी ओट्यावर रचली होती.

"मेलेल्या माणसांच्या तारखा कशाला गोळा करतेस?"

"प्रोजेक्ट आहे."

"कशाचा?"

"भूगोलाचा."

"भूगोलात माणसं मरतात का?"

ती थोडं हसली. मग हसू गेलं आणि तिने वही माझ्याकडे सरकवली.

पानावर रेघा मारून रकाने केले होते. नाव नाही, घर नाही, फक्त नातं आणि तारीख. खालच्या वहिनींचे सासरे. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याची बायको. चौकात श्रद्धांजलीचे फलक लागतात, त्यांवरच्या तारखा. प्रत्येक तारखेपुढे कॅलेंडरमधून शोधलेलं नक्षत्र, आणि काहींपुढे "पं." असं अक्षर. सगळ्यात वर पहिल्या ओळीत आज्जी. तिच्यापुढे पं. दुसऱ्या ओळीत पप्पा. आणि समासात पेनने काढलेली एक छोटी बाहुली. तिला एकच हात होता.

मी खाली बसले.

"तुला आठवतं?"

"सगळं आठवतं."

"मला वाटलं, विसरलीस."

"मोठ्या काकांनी विचारलं तेव्हा तू पाचच म्हणालीस," ती म्हणाली. "तोपर्यंत मला नीट कळलं नव्हतं. तू खोटं बोललीस तेव्हा कळलं. चारच होत्या म्हणून पप्पा गेले."

ती तेव्हा आठ वर्षांची होती. आता चौदा. सहा वर्षं ती माझ्याच अंथरुणात माझ्याशेजारी झोपत होती, आणि मी तिच्यापासून जे लपवत होते तेच ती माझ्यापासून लपवत होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले, तर तिने डोकं बाजूला घेतलं. रागाने नव्हे. तिला अजून बोलायचं होतं.

"मॅडमनी चंद्राचं शिकवलं तेव्हा मी ठरवलं, तपासायचं. खरं असेल तर खरं. निदान कळेल तरी." मग म्हणाली, "उद्या रविवार आहे ना? तुला गच्चीवर दाखवते. वहीत नाही कळणार."

रविवारी सकाळी कपडे वाळत घालायच्या आधी ती मला वर घेऊन गेली. गच्चीवर चारही बाजूंनी दोऱ्या बांधलेल्या आहेत. तिने मोजून सत्तावीस चिमटे त्या दोऱ्यांना सारख्या अंतरावर लावले. आमचे कमी पडले, तर खालच्या वहिनींचे आणले होते. मधोमध स्टूल ठेवलं आणि मला बसवलं.

"तू पृथ्वी."

"बरं."

"हे चिमटे म्हणजे नक्षत्रं. खरं तर खूप लांब आहेत. इतके लांब की आपल्या दृष्टीने हलतच नाहीत. आता तू बसल्याजागी डावीकडे फिर."

मी पाय टेकवत स्टुलावर गोल फिरले. दोऱ्या, टाकी, पलीकडच्या इमारती, सगळं माझ्यासमोरून उजवीकडे निघून गेलं.

"काय दिसलं?"

"सगळं फिरलं."

"फिरलीस तू. हा एक दिवस झाला. म्हणून चंद्र-सूर्य सगळेच पश्चिमेकडे गेल्यासारखे दिसतात. आता थांब, फिरू नको. मी चंद्र."

तिने स्टीलचं झाकण छातीशी धरलं आणि माझ्याभोवती हळूहळू चालायला लागली. मला म्हणाली, माझ्या मागे कोणता चिमटा दिसतो ते बघत राहा. मी बघत राहिले. एका चिमट्यासमोरून दुसऱ्यासमोर, मग तिसऱ्यासमोर. ओळीतले पाच चिमटे लाल होते. ती त्यांच्यासमोरून गेली, पुढच्या निळ्यांकडे गेली.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"पंचक. ते लाल पाच. मी त्यांच्यासमोरून गेले, एवढंच. मी त्यांना हात लावला नाही, त्यांनी मला लावला नाही. माझ्या आणि त्यांच्या मध्ये किती अंतर आहे माहीत आहे? आणि तू मध्ये बसून बघत होतीस म्हणून तुला ते माझ्या पाठीमागे दिसले."

मी ते लाल चिमटे पुन्हा मोजले.

"दर सत्तावीस दिवसांनी ही फेरी होते. वर्षातून तेरा-चौदा वेळा. म्हणजे वर्षातले साठेक दिवस पंचकच असतं. तेवढ्या दिवसांत अख्ख्या नाशकात किती माणसं जात असतील? त्या प्रत्येकामागे पाच गेले असते ना मम्मी, तर नळावर रांगच लागली नसती."

मला हसू आलं. आम्ही दोघीही थोड्या हसलो.

मग तिने वही काढली. तिने तारखा लिहून घेतलेल्या घरांपैकी ज्या घरात माणूस पंचकात गेलं होतं, तिथे पुढच्या वर्षात बहुतेक ठिकाणी कोणीच गेलं नव्हतं. आणि आमचं घर सोडून ज्या दोन घरांत एका वर्षात दोन माणसं गेली, तिथे पंचक नव्हतंच. "आणि पुतळ्यांचं विचारलंस तर निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं की तेव्हा पंचक होतं. त्यांनी काहीच केलं नव्हतं."

मी म्हटलं, "भाद्रपदात पंचक असतं तेव्हा चंद्र भरलेला असतो. फाल्गुनात अवसेच्या आसपास येतं. ते का मग?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. ठिपके देते ना मी. इतक्या वर्षांत दिसलं."

"मम्मी, हे आमच्या मॅडमनी पण नाही सांगितलं." तिने मला स्टुलासकट पकडलं आणि थोडं बाजूला ढकललं. पृथ्वीसुद्धा सूर्याभोवती पुढे जात असते, म्हणून प्रत्येक महिन्यात सूर्य वेगळ्या चिमट्यांच्या बाजूला दिसतो, आणि त्याच लाल चिमट्यांसमोर चंद्र कधी पूर्ण उजळलेला, कधी काळा. तिने तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मला कळलं. त्या दहा-पंधरा मिनिटांइतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. ऊन अजून तापलं नव्हतं. मला वाटलं, संपलं आता.

ती कठड्याला टेकून बसली.

"म्हणजे माझ्यामुळे नाही."

"नाही," मी म्हटलं. "तुझ्यामुळे नाही."

"मग कशामुळे?"

"हार्टचं होतं त्यांना."

"ते माहीत आहे. पण आधी काही झालं होतं का? काही म्हणाले होते का?"

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. दिरांना नाही, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनाही नाही. पंचक खरं असतं तर सांगायची गरजच नव्हती. जागा रिकामी होती, कोणीतरी जाणार होतं, ते गेले. पण आता चंद्र म्हणजे चिमट्यांसमोरून जाणारं नुसतं झाकण होतं. तो बाजूला झाला की मागे त्या दिवसाची सकाळ उरत होती आणि त्या सकाळी घरात मीच होते.

मी सांगितलं. सकाळपासून ते छाती चोळत होते. जळजळतंय म्हणाले, डाव्या हाताला मुंग्या येतात म्हणाले. मी थंड दूध दिलं. ते म्हणाले, आज कामावर जाऊ का नको? मी म्हटलं, रात्री भजी खाल्ली ना, त्याचं आहे, जा. ते म्हणाले, दवाखान्यात जाऊन येऊ का? मी म्हटलं, तुम्हाला काय झालंय.

मुलगी ऐकत होती.

"मग तू काय केलंस?"

"मी बाहेर गेले. परत आले तेव्हा ते कामावर निघून गेले होते."

"बाहेर कुठे?"

त्या दिवशी तिला ताप होता. खरं तर ताप म्हणावा असाही नव्हता, अंग कोमट लागत होतं. मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले होते. ते दारात उभे राहून म्हणाले होते, "मला पण न्या की तुमच्याबरोबर." चेष्टेने म्हणाले असं मी धरलं. रिक्षात जागा होती. मी मागे वळून बघितलं सुद्धा नाही, कारण माझा हात मुलीच्या कपाळावर होता.

"बाजारात," मी म्हटलं.

"तो मंगळवार होता." तारीख तिला पाठ आहे, फोटोखाली आहे. "आपला बाजार मंगळवारी नसतो."

"भाजी काय रोज मिळते."

 तिने माझ्याकडे बघितलं. मग उठून चिमटे काढायला लागली. खालच्या वहिनींचे वेगळे केले, आमचे वेगळे केले. मीही उठून कपडे पिळायला घेतले.

सोमवारी ती शाळेत गेल्यावर मी कामावर उशिरा जाते म्हणून निरोप पाठवला. कपाटात वरच्या कप्प्यात एका पिशवीत तिच्या लहानपणच्या आजारपणाचे कागद आहेत. डॉक्टर दर वेळी एक चिठ्ठी द्यायचे, वर तारीख घालायचे. मी त्या नुसत्या कोंबून ठेवल्या होत्या. त्या मंगळवारची चिठ्ठी शोधून फाडून टाकायची होती. दवाखान्याच्या इतक्या फेऱ्यांतली ही कोणत्या दिवशीची ते तिच्या ध्यानात नसणार, पण तारखा शोधणारी मुलगी आहे, आज ना उद्या तिथे पोचली असती. आणि तिथे पोचली की तिला पुन्हा तेच वाटलं असतं, पुतळी नाही तर ताप.

पिशवी उघडली. आत चिठ्ठ्या कोंबलेल्या नव्हत्या. सरळ करून, वर्षाप्रमाणे लावून, रबर घातलेल्या होत्या. मी एकेक पाहिली. आज्जी गेल्यानंतरच्या त्या दहा महिन्यांच्या तर ढीगभर होत्या. खोकला, सर्दी, पोट, अंग कोमट. त्या मंगळवारची मात्र नव्हती. दोनदा बघितलं. तिच्या आदल्या आठवड्यातली होती, नंतरची दीड वर्षाने होती.

कालपासून ती कपाटाकडे फिरकलीही नव्हती, म्हणजे ती चिठ्ठी तिने त्याआधीच काढून घेतली होती, आणि मी गच्चीवर बाजार म्हणाले तेव्हा मी कुठे होते ते तिला आधीच माहीत होतं.

मी रबर परत घातलं, पिशवी होती तशी ठेवली आणि कामाला गेले. संध्याकाळी ती साडेपाचला आली. मी चहा दिला. तिने घेतला. "आज भूगोलाला काय झालं?" मी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही. उजळणी." मग कप धुऊन ठेवला आणि माझ्याशेजारी येऊन पीठ चाळायला बसली. मी तिला ते काम सांगितलं नव्हतं.